पायलट व्हायचंय? कॉलेज निवडताना या चुका टाळा

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची रीघ लागते. मी धुळ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. गोंदूरच्या विमानतळावर शिकाऊ मुलं उड्डाणाचे धडे घेतात. त्यांचं छोटं विमान डोक्यावरून घरघरत गेलं की अख्खा वर्ग खिडकीकडे वळतो. त्यामुळे दरवर्षी दोन-चार घरांतून तरी हा प्रश्न येतोच : "सर, पायलटसाठी कॉलेज कुठलं चांगलं?"

डॉक्टरसाठी मेडिकल कॉलेज, इंजिनिअरसाठी इंजिनिअरिंग कॉलेज, तसं पायलटसाठी कॉलेज नसतं, हे आधी सांगावं लागतं. पायलटला लागतो परवाना, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात. तो विद्यापीठ देत नाही, डीजीसीए देतं. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. वय १८ पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, क्लास वन मेडिकल, डीजीसीएचे पेपर आणि २०० तासांचं उड्डाण अशा त्याच्या अटी आहेत. पदवी त्यात कुठेच नाही. भारतात दिला गेलेला पहिला पायलट परवाना १९२९ मध्ये जेआरडी टाटांना मिळाला. ते मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये उडायला शिकले होते आणि त्यांच्याकडेही पदवी नव्हती.

एवढं लक्षात आलं की पुढच्या चुका निम्म्या होतात. उरलेल्या निम्म्या होतात त्या क्रम चुकल्यामुळे.

मेडिकलच्या आधी पैसे भरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

अकरावीच्या प्रॅक्टिकलला कार्बन रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचून रोध काढायचा असतो. काही वर्षांपूर्वी एक हुशार मुलगा प्रत्येक वेळी चुकीचं उत्तर काढत होता. आकडेमोड बरोबर, सूत्र बरोबर, उत्तर चूक. शेवटी मी त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, पट्टे मोठ्याने वाच. तो तपकिरीला हिरवा म्हणत होता आणि हिरव्याला तपकिरी. घरच्यांना निरोप धाडला की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तिथे ठिपक्यांतले आकडे ओळखायची इशिहारा चाचणी झाली आणि रंगांधळेपणा निघाला. घरी कुणालाच त्याची कल्पना नव्हती. तोवर वडिलांनी एका एजंटाकडे पायलट कोर्ससाठी आगाऊ रक्कम भरली होती. ती परत मिळाली नाही.

त्यामुळे पहिली पायरी कॉलेज नाही, मेडिकल. आधी क्लास टू, मग क्लास वन, दोन्ही डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. डोळे, कान, ईसीजी, रक्त सगळं तपासतात. फ्लाइंग स्कूलच्या प्रवेशाला क्लास टू पुरतं म्हणून बरेच जण तेवढ्यावर थांबतात आणि क्लास वन पुढे ढकलतात. तसं करू नका. सीपीएल क्लास वनशिवाय मिळत नाही. मोठी रक्कम हातातून सुटण्याआधी क्लास वनचा निकाल हातात हवा.

चष्मा आहे म्हणून मुलं आपणहून माघार घेतात, त्याचंही वाईट वाटतं. चष्म्यासह नजर ६/६ होत असेल तर नागरी विमानचालनात बहुधा अडचण येत नाही. हवाई दलाचे निकष वेगळे आहेत आणि जास्त कडक आहेत. शेजारचा मुलगा चष्म्यामुळे एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, बाहेर पडला, म्हणून आपल्या मुलीचं सीपीएलचं दार बंद झालं असं समजू नका.

मॅथ्स सोडून बायो घेणं

आपल्या बोर्डात सायन्सला मॅथ्स न घेता बारावी होता येतं. नीटची तयारी करणारी कितीतरी मुलं तसंच करतात. डॉक्टरकीचं नाही जमलं की मग पायलटचा विचार येतो, आणि तिथे मॅथ्स अडतं. मनात पायलट व्हायचं थोडंही असेल तर अकरावीच्या फॉर्मवर फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही ठेवा. ही अट शिथिल करण्याची चर्चा २०२५ मध्ये झाली होती, पण चर्चेच्या भरवशावर विषय सोडणं बरं नाही.

फॉर्मवरून आठवलं. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव पहिलं येतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जातं, आधारवर वडिलांचं नाव मध्ये असतं किंवा नसतं. डीजीसीएच्या परीक्षेसाठी कॉम्प्युटर नंबर काढावा लागतो, तेव्हा या फरकावरून अर्ज परत येतात. बारावीच्या सुट्टीतच सगळीकडे नाव एकसारखं करून घ्या. काम कंटाळवाणं आहे, पण नंतर याच्यात महिने जातात.

बीएस्सी एव्हिएशनला परवाना समजणं

नावात 'एव्हिएशन' असलेले अनेक कोर्स आहेत. बीएस्सी एव्हिएशन, बीबीए एव्हिएशन, एरोनॉटिकल इंजिनिअरिंग, एअरक्राफ्ट मेंटेनन्स, ग्राउंड स्टाफचे डिप्लोमा. यांतला एकही कोर्स आपोआप तुम्हाला पायलट करत नाही. एरोनॉटिकल इंजिनिअर विमानाची रचना शिकतो, मेंटेनन्सवाला त्याची देखभाल. दोन्ही उत्तम व्यवसाय आहेत, पण कॉकपिटकडे नेणारा रस्ता वेगळा आहे.

बीएस्सी एव्हिएशन वाईट आहे असं मी म्हणत नाही. मुंबई विद्यापीठाची ही पदवी आहे, आणि तिच्यात हवामानशास्त्र, नेव्हिगेशन असे विषय असल्यामुळे डीजीसीएच्या पेपरांना मदत होते. फक्त प्रवेश घेताना एक प्रश्न लेखी विचारा : या फीमध्ये २०० तासांचं उड्डाण आहे का? बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' असंच येईल. मग पदवीची फी वेगळी आणि उड्डाणाची वेगळी, असा हिशेब मांडून ठरवा.

माझं मत विचाराल तर पदवी अशी घ्या, जी विमानाशिवायही पोट भरेल. पायलटचं मेडिकल ठरावीक काळाने पुन्हा होतं. तिशीत रक्तदाब किंवा साखर निघाली तर उड्डाण थांबू शकतं. माझी एक विद्यार्थिनी फ्लाइंग करता करता नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बीकॉम झाली. पावसाळ्यात विमानं जमिनीवर असायची तेव्हा ती अभ्यासाला बसायची.

फ्लाइंग स्कूल माहितीपत्रकावरून निवडणं

इथे घाई अजिबात करू नका. भारतात सीपीएलचा खर्च साधारण ५० ते ७० लाखांच्या घरात जातो. पुढे ए-३२० सारख्या एका विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवण्याची वेगळी मान्यता, करायचं तर आणखी १५-२० लाख धरून चाला. एवढ्या पैशासाठी लोक शेत तारण ठेवतात. आणि स्कूल निवडतात चकचकीत कागद आणि फोनवरच्या गोड बोलण्यावरून.

माझ्या एका विद्यार्थ्याला एका संस्थेने १८ महिन्यांत परवाना मिळेल असं सांगितलं होतं. त्याला जवळपास चार वर्षं लागली. कागदावर दहा विमानं होती, धावपट्टीवर कधी तीन, कधी चार. बाकीची सुट्या भागांची वाट बघत हँगरमध्ये उभी. मध्येच दोन इन्स्ट्रक्टर सोडून गेले, तेव्हा कित्येक आठवडे तो रोज सकाळी साडेपाचला गणवेश चढवून जायचा आणि फळ्यावर आपलं नाव नाही हे बघून परत यायचा. दरम्यान बँकेचे हप्ते सुरू झाले. शैक्षणिक कर्जात सवलतीची मुदत कोर्सच्या कालावधीवर मोजतात आणि बँकेला तो कालावधी १८ महिनेच सांगितलेला होता.

हे आधी ओळखता येतं. साधं त्रैराशिक आहे. समजा संस्थेत ४० मुलं आहेत. प्रत्येकी २०० तास म्हणजे ८,००० तास. खरोखर उडणारी विमानं चार, आणि पाऊस, धुकं, दुरुस्ती वजा जाता एक विमान वर्षाला ७०० तास उडतं असं धरा. म्हणजे वर्षाला २,८०० तास. ४० मुलांचे तास पूर्ण व्हायला जवळजवळ तीन वर्षं. माहितीपत्रकात १८ महिने लिहिलेले असोत की १२, गणित बदलत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी दोन दिवस तिथे जाऊन राहा. सकाळी लवकर जा, कारण वारा शांत असतो आणि सर्वांत जास्त उड्डाणं तेव्हाच होतात. स्वतः मोजा, किती विमानं हवेत गेली. कार्यालयात बसून प्रश्न विचारण्यापेक्षा बाहेर चहाच्या टपरीवर मुलांशी बोला. कधी आलात, किती तास झाले, मागच्या महिन्यात किती उडालात, हे तीन प्रश्न पुरे. दोन वर्षांपूर्वी आलेला मुलगा ८० तासांवर अडकलेला असेल तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. डीजीसीएने २०२५ पासून फ्लाइंग स्कूल्सना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, तीही बघा. पण टपरीवरचं बोलणं सोडू नका.

फी एकरकमी भरू नका. तास होतील तसे हप्ते मागा. दरात काय धरलंय ते लेखी घ्या : मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (एकापेक्षा जास्त इंजिनांचं विमान आणि फक्त उपकरणं बघून उडवण्याची मान्यता) आहे का, इंधन महागलं तर काय, स्किल टेस्टचं शुल्क कुणाकडे, २०० च्या वर तास लागले तर काय दर. विमान कंपन्यांना मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतंच. ते वगळून सांगितलेला आकडा स्वस्त दिसतो एवढंच.

नावं विचारली जातात म्हणून सांगतो. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षा असते. आपल्याकडे गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, नागपूर फ्लाइंग क्लब आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी 'महाज्योती'ने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. ती अनेक घरांपर्यंत पोचतच नाही. जाहिरातीवर लक्ष ठेवा. संस्था कुठलीही असो, दोन दिवसांची फेरी मात्र चुकवू नका.

'परदेशात लवकर होतं' एवढ्यावर तिकीट काढणं

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे हवा आणि विमानं दोन्हींची सोय चांगली आहे, तास भराभर होतात हे खरं. पण तिथला परवाना भारतात जसाच्या तसा चालत नाही, तो डीजीसीएकडून बदलून घ्यावा लागतो. इथले पेपर आणि इथली उड्डाण चाचणी चुकत नाही. पेपर भारतात असतानाच पास करून जा. पेपर न देता गेलेली मुलं परत येतात, वर्षभर घरी पुस्तकं घेऊन बसतात आणि तोवर हात विसरतो.

एनडीएचा फॉर्म न भरणं

सरकार तुम्हाला फुकट उडायला शिकवतं, तो एनडीएचा रस्ता वयाच्या साडेसोळा ते साडेएकोणीस या काळातच उघडा असतो. परीक्षा वर्षातून दोनदा, बारावीत असतानाही देता येते. २०२२ पासून मुलीही एनडीएत आहेत. खडकवासला आपल्याच राज्यात, तरी पालकांना हे मुलगा विशीत गेल्यावर कळतं. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची आणि मुलींसाठी नाशिकची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. तिथला प्रवेश दहावीनंतर होतो, त्यामुळे चौकशी नववीतच हवी. पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा आहेच.

एक सावधगिरी. हवाई दलाच्या निवडीत पायलटसाठी सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. 'यंदा अनुभव घेऊ, पुढच्या वेळी बघू' हे तिथे चालत नाही.

चूक होऊन गेली असेल तर

कॉमर्स किंवा बायो घेऊन बारावी झाली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, फिजिक्स आणि मॅथ्स एवढेच विषय देता येतात. वर्ष जातं, स्वप्न जात नाही.

मेडिकलमध्ये अनफिट आलात तर आधी कागद नीट वाचा. तात्पुरतं अनफिट आणि कायमचं अनफिट यात खूप फरक आहे. वजन, रक्तदाब, कानातला मळ अशा गोष्टी उपचारानंतर पुन्हा तपासतात.

इंग्रजीची भीती असलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी रेडिओवरची ठरावीक वाक्यं रोज अर्धा तास मोठ्याने म्हणावीत. तिथे फर्डं इंग्रजी लागत नाही, नेमकं लागतं. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नायनर' म्हणतात, कारण खरखरीतही आकडा चुकता कामा नये. आमच्या गावाकडची मुलं हे शहरातल्या मुलांइतकंच लवकर शिकतात, मी पाहिलंय.

आणि फ्लाइंग स्कूलमध्ये अडकला असाल, महिनोन्महिने विमान मिळत नसेल, तर भांडण पेटण्याआधी लॉगबुकवर आजपर्यंतच्या प्रत्येक तासाची सही-शिक्का घ्या. प्रशिक्षणाच्या नोंदींच्या प्रती घ्या, भरलेल्या पैशांच्या पावत्या एकत्र करा. रीतसर नोंदवलेले तास दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत धरले जातात. पण ते फार काळ पडून राहून चालत नाहीत. परवान्याच्या अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतलंच उड्डाण मोजतात, आणि शेवटच्या सहा महिन्यांतलेही काही तास हवे असतात. त्या चार वर्षं लागलेल्या मुलाने १२० तासांवर हेच केलं. वडिलांसोबत जाऊन तीन दिवसांत सगळ्या सह्या घेतल्या, दुसऱ्या राज्यातल्या एका लहान संस्थेत गेला आणि उरलेले ८० तास सात महिन्यांत पूर्ण केले.