साठीनंतर नुसतं चालणं पुरत नाही
सारसबागेत फेऱ्या मारणाऱ्या आमच्या कट्ट्याला मी हेच सांगते: चालणं हवंच, आठवड्याला किमान १५० मिनिटं; पण मांड्यांत ताकद नसेल तर रिक्षातून उतरतानाही दांडा धरावा लागतो. म्हणून एक भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा. पावलांत खांद्यांएवढं अंतर, हात छातीशी. पुढे झुकून उठा. बसताना मात्र धपकन नको, मनात चार अंक मोजत सावकाश टेका. खरी मेहनत तिथेच आहे. असं दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. छातीत दुखलं, गरगरलं तर लगेच थांबा आणि डॉक्टर गाठा.

तोलासाठी ओट्याला बोटं लावून एका पायावर उभं राहा, दूध तापेपर्यंत पाय बदलत. (उतू गेलं तर मला बोलू नका.) पर्वती चढायची हौस असेल तर खुशाल चढा, उतरताना घाई नको, गुडघे कुरकुरतात ते तेव्हाच.