पिल्सेनमध्ये मेक्सिकन जेवायला जाण्यापूर्वी

शिकागोला कामानिमित्त किंवा मुलांकडे आलेल्या मराठी मंडळींनी पिल्सेन वस्तीतल्या एखाद्या मेक्सिकन उपाहारगृहात एकदा तरी जेवावे, असे मला मनापासून वाटते. चेक स्थलांतरितांनी आपल्या शहराचे नाव दिलेल्या या भागात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिकन कुटुंबे मोठ्या संख्येने येऊन राहिली, आणि तिथला स्वयंपाक अजूनही बराचसा त्यांच्याच माणसांसाठी होतो. तो पाहुण्यांच्या सवयींप्रमाणे बदललेला नसतो, म्हणूनच जाण्याआधी थोडी तयारी करावी लागते.

घरून निघण्यापूर्वी बरोबरच्या प्रत्येकाला काय चालते आणि काय चालत नाही, हे स्पष्ट विचारून घ्यावे. मांसाहारी मंडळींपैकी कोणाला गोमांस वा डुकराचे मांस वर्ज्य असेल, तर ‘आसादा’ आणि ‘लेंग्वा’ हे गाईबैलांच्या मांसाचे, ‘कार्नितास’ आणि ‘अल पास्तोर’ हे डुकराच्या मांसाचे आणि ‘पोयो’ म्हणजे कोंबडी, एवढे स्पॅनिश शब्द लक्षात ठेवले तरी बहुतेक ठिकाणी निभावते.

शाकाहारी माणसाची तयारी मात्र अधिक काळजीपूर्वक व्हायला हवी, कारण तिथे अडचण ताटात दिसणाऱ्या मांसाची नसून न दिसणाऱ्या चरबीची आणि रश्श्याची असते. घोटून परतलेले घेवड्याचे दाणे, म्हणजे ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’, अनेकदा डुकराच्या चरबीत परततात. तामालेस या मक्याच्या वाफवलेल्या पदार्थाच्या पिठातही तीच चरबी फेटून घालण्याची जुनी रीत आहे. तांबूस भात पुष्कळदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो, आणि मोले नावाच्या दाट मसालेदार रश्श्यालाही बहुधा तोच आधार असतो. मोलेत शेंगदाणे, तीळ किंवा बदाम असू शकतात, त्यामुळे ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांनी आधी चौकशी करावी. ‘चिले रेयेनो’ ही चीज भरलेली मिरची फेटलेल्या अंड्यात बुडवून तळतात, आणि भाजलेल्या कणसाला लावलेल्या मेयोनीजमध्येही अंडे असते.

नुसते ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांस नको’, असे सांगून भागत नाही, कारण त्याचा अर्थ केवळ लाल मांस असा घेतला जाऊन ताटात कोंबडी येऊ शकते. त्यापेक्षा ‘सिन मान्तेका’ म्हणजे चरबीशिवाय आणि ‘सिन काल्दो दे पोयो’ म्हणजे कोंबडीच्या रश्श्याशिवाय, हे दोन शब्दप्रयोग कागदावर लिहून न्यावेत आणि पदार्थ मागवण्याआधी शांतपणे विचारावे. गर्दीची वेळ टाळून गेल्यास नीट उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते.

काय मागवावे याचा विचार मक्यापासून सुरू करावा, कारण या पाकपरंपरेचा पाया तोच आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, धुऊन दळतात; त्यामुळे पीठ नीट बांधले जाते आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. हजारो वर्षांची ही प्रक्रिया ज्या पाकपरंपरेचा भाग आहे, तिला युनेस्कोने २०१० साली अमूर्त सांस्कृतिक वारशाचे स्थान दिले. गव्हाच्या तोर्तियात, म्हणजे तिथल्या पातळ पोळीत, चरबी असू शकते, म्हणून शाकाहारी व्यक्तीने मक्याचीच तोर्तिया घ्यावी आणि तिच्यात फड्या निवडुंगाची कोवळी पाने म्हणजे नोपालेस, भाजून साल काढलेल्या मिरचीच्या पट्ट्या म्हणजे राहास, किंवा भोपळ्याची फुले मागवावीत. कोकणात याच फुलांची भजी करतात, त्यामुळे त्यांची चव आपल्याला परकी वाटणार नाही. मक्याच्या कणसावरची काळी काणी, म्हणजे खाण्याजोगी बुरशी ‘वित्लाकोचे’, यादीत दिसली तर जरूर चाखावी. तिची मातकट, भरदार चव मला फार आवडते. पेयांत अंबाडीच्या लाल फुलांचे ‘हामाइका’, चिंचेचे पाणी किंवा तांदूळ-दालचिनीचे ‘ओर्चाता’ निवडावे.

तिखटाची सवय असली तरी प्रत्येक साल्सा, म्हणजे तिखट चटणी, आधी थेंबभर चाखावा, कारण हाबानेरो मिरचीचा साल्सा सवयीच्या जिभेलाही जड जातो.

वेळ असेल तर जेवणाआधी जवळचे नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट पाहून घ्यावे. ते १९८७ साली उघडले असून प्रवेश विनामूल्य आहे. काही लहान दुकाने कार्ड घेत नाहीत, म्हणून रोख रक्कम जवळ असावी, आणि टेबलावर वाढणाऱ्यांसाठी बिलाच्या सुमारे १८ ते २० टक्के टिप धरूनच खर्चाचा अंदाज बांधावा. मक्याची तोर्तिया गार झाली की वातड होते, म्हणून सगळे पदार्थ एकदम न मागवता दोन वेळा मागवावेत आणि ताट समोर आले की लगेच जेवायला सुरुवात करावी.