‘टेक ऑन मी’ रॉक बँडवर वाजवताय? या चुका टाळा

आ-हा या नॉर्वेच्या त्रिकुटाचं ‘टेक ऑन मी’ वाजवायला घेतलं की पहिल्याच जॅमला सगळ्यांचं एकमत होतं: गेन (अॅम्पवरचा आवाज फाटका-खरखरीत करणारा नॉब) वाढवा, गाणं आपोआप पेटेल. आम्हीही तेच केलं. घरी जाऊन फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर आवाज दणदणीत होता, पण सुरुवातीची आठ सेकंदं हे कोणतं गाणं आहे ते कळतच नव्हतं.

चूक गेनची कमी आणि पॉवर कॉर्डची जास्त होती. पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम, बस. मेजर की मायनर हे सांगणारा गंधार त्यात नसतो. या गाण्यात तो गंधार सिन्थच्या (सिंथेसायझर या कीबोर्डच्या) सुरुवातीच्या धुनेत आहे: बी मायनर कॉर्डवर धून डी या सुराला स्पर्श करते, ई मेजरवर जी शार्पला, डी मेजरवर एफ शार्पला. दोन्ही गिटार पॉवर कॉर्ड ठोकायला लागल्या की गाण्याचा चेहराच पुसला जातो. मग भरपाई म्हणून पूर्ण कॉर्ड वाजवावे, तर भरपूर डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे फाटक्या आवाजात, ते गढूळ होतात. म्हणून एका गिटारनं पाम म्यूट करून (तळव्यानं तारा दाबून) पॉवर कॉर्ड धरावेत आणि दुसरीनं धून एकेका सुरात, गेन निम्म्यावर आणून वाजवावी. तीही वरच्या सप्तकातच, पहिल्या तारेच्या सातव्या फ्रेटपासून वर. बोटांना सोपं म्हणून खाली उतरवली, तर ती गायकाच्या आवाजाच्या पट्ट्यात येऊन बसते. धून गिटारलाच द्यायला हवी असंही नाही. ‘रील बिग फिश’ या कॅलिफोर्नियाच्या स्का-पंक बँडनं १९९८ मध्ये ती ट्रम्पेट-ट्रोम्बोनकडे सोपवली, आणि काय खुलली ती!

लय वाढवू नका. मूळ गाणं मिनिटाला सुमारे १६९ ठोक्यांचं आहे, म्हणजे धुनेतला एकेक सूर जेमतेम १७८ मिलिसेकंदांचा. डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) लावणार असाल तर हाच आकडा भरा.

सगळ्यात जास्त बँड अडतात ते गळ्यापाशी. आ-हाचा गायक मॉर्टन हार्केट कोरसमध्ये खर्जातल्या ए या सुरापासून निघतो आणि शेवटी वरच्या ईपर्यंत चढतो. अडीच सप्तकांच्या वरचा पल्ला आहे हा. वरचा सूर लागत नाही म्हणून सगळं गाणं दोन-तीन पट्ट्या खाली आणलं, की पहिला सूर इतका खाली जातो की ड्रम्सपुढे तो ऐकूच येत नाही. पट्टी बदलली की दोन्ही टोकं सरकतात, हे जॅमरूममध्ये फार उशिरा लक्षात येतं. त्यापेक्षा पट्टी मूळचीच ठेवा. कोरसच्या पहिल्या ओळीला पॉवर कॉर्डवाली गिटार पूर्ण थांबवा, बास आणि हाय-हॅट तेवढे चालू द्या. खालचा ए आपोआप वर येतो. शेवटचा ई फॉल्सेटोतलाच, म्हणजे हलक्या, पातळ आवाजातलाच आहे, छातीतून ओढायला जाऊ नका. नाहीच लागला तर तो दुसऱ्या गायकाला द्या. गळा बसेपर्यंत ताणण्यात शौर्य नाही, पुढची तीन गाणी त्याच गळ्यानं म्हणायची असतात.

ड्रमरला मात्र एक गोष्ट समजावून सांगावी लागते. मूळचे ठोके लिनड्रम या ड्रम मशीनचे आहेत. त्या मशीनमध्ये खऱ्या ड्रम्सचेच आवाज साठवलेले होते, त्यामुळे खरा ड्रमसेट इथे अजिबात परका वाटत नाही. फक्त दर चार मात्रांना फिल (मधली जागा भरणारा ठोक्यांचा तुकडा) नको. कोरसमध्ये गायक एकेक सूर लांबवत असतो आणि खाली ठोके न थांबता धावत असतात, गाण्यातला सगळा जोर त्या विरोधात आहे. आमच्या ड्रमरनं एका जॅमला टॉम्स (फिलसाठी लागणारे ड्रम) बाजूलाच काढून ठेवले. किक, स्नेअर आणि हाय-हॅट एवढ्यावर अख्खं गाणं वाजवलं. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यांदा धून पहिल्या सुरापासून स्पष्ट ऐकू आली.