वाचनालयाच्या अनुदानासाठी आमदारांपर्यंत कसे पोहोचावे

बहुतेक निवेदने मार्चमध्ये दिली जातात आणि तिथेच फसतात. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो खरा, पण खात्यांचे अंदाज त्याच्या कितीतरी आधी तयार होतात. म्हणून तालुका ग्रंथालय संघाने पोळा झाला की कामाला लागावे.

१. आकडे गोळा करा. प्रत्येक मान्यताप्राप्त वाचनालयाकडून एकाच नमुन्यातला तक्ता भरून घ्या: वर्ग (अ, ब, क की ड), अनुदान, हप्ते जमा झाल्याच्या तारखा, ग्रंथपालाचे मानधन, सभासद, वीजबिल. तारखा पासबुकातूनच उतरवा. एक तारीख जरी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कागदाशी जुळली नाही, तरी सगळा तक्ता संशयात येतो.

‘आत्ताच तर वाढ दिली’ हे उत्तर हमखास मिळते. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ६० टक्के वाढ मंजूर केली, हे आपणच आधी सांगावे, मग हिशेब पुढे ठेवावा. त्या वाढीने ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गाचे वर्षाचे ३०,००० रुपये ४८,००० झाले. म्हणजे महिन्याला ४,०००. त्यात ग्रंथपाल, पुस्तके, वर्तमानपत्रे आणि वीज. रोज संध्याकाळी कुलूप उघडणाऱ्या माणसाच्या हाती यातून काय पडते, ते आमदारांना रुपयांत कळले पाहिजे.

२. मागणी एकच ठेवा. बारा मागण्यांचे निवेदन फाईलला लागते. अनुदानवाढ हवी तर उच्च व तंत्रशिक्षण विभाग, हप्ता रखडला असेल तर ग्रंथालय संचालनालय. आमदारांचे शिफारसपत्र नेमके त्याच नावाने मागा.

३. यादी करा. खान्देशात विधानसभेचे २० आमदार: जळगाव ११, धुळे ५, नंदुरबार ४. विधान परिषदेतले नाशिक विभागाचे पदवीधर आणि शिक्षक आमदार हमखास विसरले जातात, तिन्ही जिल्हे त्यांच्याच मतदारसंघात येतात. सत्ताधारी-विरोधक असा भेद अजिबात करू नका.

४. भेटीला तिघेच जा: ग्रंथपाल, कार्यकारिणीतला एक जण आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास वाचनालयात बसून करणारी एखादी मुलगी. तिला आधी बोलू द्या. वेळ पीएंकडून ठरवून घ्या. लग्नाच्या मांडवात निवेदन देऊ नये. फोटो निघतो आणि कागद हारतुऱ्यांत हरवतो. निवेदन एक पानी, सोबत तक्ता, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच.

५. प्रश्न लिहूनच द्या. ही पायरी सर्वांत मोलाची, आणि नेमकी हीच बहुतेक संघ गाळतात. तारांकित प्रश्नाचा (म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात, त्या प्रश्नाचा) मसुदा असा: ‘अमुक तालुक्यातील इतक्या सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानाचा दुसरा हप्ता मिळालेला नाही, हे खरे आहे काय, असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ रिकाम्या जागी तक्त्यातलाच आकडा भरा. अशा प्रश्नाची सूचना आमदारांना अधिवेशनाच्या काही आठवडे आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर जाग आली, तर लक्षवेधीचा, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेचा, आग्रह धरा.

६. उत्तराची प्रत मागून घ्या. ‘बाब विचाराधीन आहे’ असे आले, तर पुढच्या अधिवेशनात तोच धागा धरून पुन्हा विचारायला लावा. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनांत पुरवणी मागण्याही (अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या मागण्या) येतात. मार्चमध्ये राहिलेली तरतूद तिथे होऊ शकते, त्यामुळे तक्ता दर तीन महिन्यांनी नव्याने भरून ठेवा.