शॉप ॲक्टचा आकडा २० झाला, बाकीचे आकडे आहेत तिथेच: पुण्यातल्या छोट्या मालकांनी काय काय तपासायचं

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढून महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ (म्हणजेच शॉप ॲक्ट) ची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेली. बारा-पंधरा माणसं कामाला असलेल्या मालकाला हे वाचून वाटतं, सुटलो. सुटका झाली ती फक्त या एका कायद्यातून, आणि तीही अर्धीच. पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), कामगार कल्याण निधी, व्यवसाय कर आणि लैंगिक छळ प्रतिबंध कायदा हे सगळे आपापला आकडा स्वतंत्रपणे मोजतात. नुकसान होतं ते एकच आकडा सगळीकडे लावल्यामुळे.

आधी डोकी मोजा, कायद्यागणिक

एक कागद घ्या. डावीकडे कामावरच्या प्रत्येकाचं नाव लिहा: पगारपत्रकावरचे, एजन्सीने पाठवलेले सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगवाले, ट्रेनी, अर्धवेळ येणारी अकाउंटंट, रोजंदारीवरचा हेल्पर. वर पाच रकाने आखा: ५, १०, २०, ५० आणि ‘एक असला तरी’. आता प्रत्येक कायद्यासाठी वेगळी बेरीज करा.

‘एक असला तरी’ या रकान्यात मराठी पाटी, किमान वेतन आणि व्यवसाय कर येतात. ५ ला कामगार कल्याण निधी. १० ला ईएसआय, ग्रॅच्युइटी आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. २० ला पीएफ, आणि आता शॉप ॲक्टची नोंदणी. ५० ला पाळणाघर.

चूक बहुतेक वेळा कंत्राटी माणसांत होते. ‘ते आमच्या पगारावर नाहीत’ एवढं सांगून भागत नाही. पीएफ आणि ईएसआय मोजताना तुमच्या जागेत काम करणारी एजन्सीची माणसंही धरली जातात. अंतर्गत समितीसाठी तर कायद्यातली ‘कर्मचारी’ची व्याख्या ट्रेनी आणि रोजंदारीवाल्यांपर्यंत जाते. पगारपत्रकावर आठ, वर दोन गार्ड आणि एक हाउसकीपिंगवाली, म्हणजे अकरा.

पीएफ, ईएसआय आणि ग्रॅच्युइटी एकदा लागू झाली की माणसं कमी झाली म्हणून ती सुटत नाही. दिवाळीच्या हंगामात २१ आणि फेब्रुवारीत १६ असं झालं, तरी पीएफचं चलान दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरत राहायचं.

२० पेक्षा कमी असाल तर

नोंदणी नको, पण सूचना द्यावीच लागते. व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ‘नमुना फ’ ऑनलाइन भरायचा आणि मिळालेली पावती जपून ठेवायची. चालू खातं उघडताना बँक हाच कागद मागते. लोक त्याला गुमास्ता म्हणोत किंवा शॉप ॲक्ट लायसन्स, २० च्या आत ती सूचनेची पावती असते, परवाना नसतो.

अर्जासोबत दुकानाचा पाटीसह फोटो लागतो, आणि अर्ज अडतो तो बऱ्याचदा याच फोटोवर. २०२२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३६-क छोट्यातल्या छोट्या दुकानालाही लागू आहे. देवनागरी मराठीतलं नाव आधी, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या कुठल्याही भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. कंपनीने पाठवलेला तयार फलक, ज्यावर मोठं इंग्रजी नाव आणि खाली बारीक मराठी पट्टी असते, तो चालत नाही. मुख्य फलकाशेजारी मराठीचा छोटा स्टिकर चिकटवणंही पुरेसं नाही. पेंटरला ऑर्डर देताना अक्षरांची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून द्या आणि दोन्ही भाषांना तीच द्या. दारू विकणाऱ्या किंवा देणाऱ्या आस्थापनेला महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत, हेही त्याच कलमात आहे.

२० च्या आत आलात म्हणून शॉप ॲक्टची रजेची आणि तासांची कलमं आता तुम्हाला लागत नसतील. तरी नेमणूकपत्रात लिहून दिलेली रजा एकतर्फी कापू नका. तो तुमचा आणि त्या माणसाचा करार आहे. जादा कामाला दुप्पट दर वेतन संहिता या केंद्रीय कायद्याखालीही द्यावाच लागतो.

२० किंवा जास्त असाल तर: तासांचं गणित

वटहुकुमाने रोजची मर्यादा ९ तासांवरून १० वर गेली. सलग कामाची मर्यादा ५ तासांवरून ६ वर गेली, त्यानंतर अर्धा तास विश्रांती. कामाचा एकूण पसारा, म्हणजे आल्यापासून घरी जाईपर्यंतचा वेळ, साडेदहा तासांवरून १२ झाला. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा १२५ वरून १४४ तास झाली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा मात्र बदललेली नाही, आणि घोटाळा इथेच होतो.

पुण्याचं नेहमीचं वेळापत्रक घ्या. सकाळी साडेनऊला उघडायचं, एक वाजता बंद, चारला पुन्हा उघडून रात्री नऊपर्यंत. साडेनऊ ते नऊ असा पसारा साडेअकरा तासांचा होतो. जुन्या नियमात हा बसत नव्हता, नव्यात बसतो. काम साडेतीन अधिक पाच, म्हणजे साडेआठ तास. रोजची मर्यादा पाळली गेली. पण साडेआठ गुणिले सहा दिवस म्हणजे ५१. आठवड्याला ३ तास ओव्हरटाइम झाला, आणि तो रजिस्टरमध्ये दिसला पाहिजे. दुपारची सुट्टी माणूस खरोखर मोकळा असेल तरच सुट्टी. एक ते चार या वेळात त्यालाच स्टॉक लावायला बसवलं, तर ते तीन तासही कामाचेच.

आता सणासुदीचं बघा. लक्ष्मी रस्त्यावरच्या कापड दुकानात विक्रेत्याला रोज १० तास, सहा दिवस ठेवलं तर आठवड्याचे ६० तास झाले, म्हणजे १२ तास ओव्हरटाइम. असे १२ आठवडे झाले की बरोबर १४४ भरतात. तिमाहीत १३ आठवडे असतात, त्यामुळे तेराव्या आठवड्यात तुम्ही मर्यादा ओलांडलेली असते. म्हणून सरसकट ‘रोज १० तास’ असं वेळापत्रक लावू नका. गर्दीचे आठवडे आधी ठरवा आणि बाकीचे ४८ वर आणा.

पैशाचा हिशोब असा. पगार १८,२०० असेल तर भागिले २६ म्हणजे दिवसाचे ७००. भागिले ८ म्हणजे तासाचे ८७.५०. दुप्पट १७५. बारा तासांचे २,१०० रुपये, एका आठवड्याचे. ते पगारपत्रकावर ‘ओव्हरटाइम’ याच नावाने दाखवा. ‘दिवाळी भेट’ म्हणून पाकिटात दिलेली रक्कम ओव्हरटाइमच्या दाव्यात वळती करून मिळेल असं समजू नका.

रजा: ८ नैमित्तिक, ८ सणांच्या भरपगारी सुट्ट्या, आणि वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक अर्जित. ती ४५ पर्यंत साठते. मागितलेली रजा तुम्ही नाकारली आणि साठा ४५ च्या वर गेला, तर वरच्या दिवसांचे पैसे द्यावे लागतात. म्हणून रजेचा अर्ज आणि त्यावरचं उत्तर दोन्ही लेखी ठेवा.

रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षिततेची व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत गाडी लागते. चौकापर्यंत सोडून चालत नाही.

दरमहा आणि सहामाही कापायची रक्कम

कामगार कल्याण निधीचे दर २०२४ मध्ये वाढले, तरी जुन्या पगार-सॉफ्टवेअरमध्ये अजून १२ आणि ३६ हेच आकडे असतात. आता कर्मचाऱ्याचे २५ आणि मालकाचे ७५, सहामाहीला. ३० जूनच्या पटावरचे १५ जुलैपर्यंत, ३१ डिसेंबरचे १५ जानेवारीपर्यंत भरायचे. वीस माणसांचे दर खेपेला २,००० होतात. तुमचं चलान ९६० चं निघत असेल तर दर जुनाच आहे.

व्यवसाय करात १ एप्रिल २०२३ पासून महिलांची सूट महिना २५,००० पर्यंत आहे. पुरुषांना ७,५०० पर्यंत शून्य, १०,००० पर्यंत १७५, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० च्या वर तेच २०० आणि फेब्रुवारीत ३००. इथे दोन चुका होतात. एकतर सॉफ्टवेअरमध्ये कर्मचाऱ्याचं लिंग भरलेलंच नसतं, म्हणून २२,००० पगाराच्या मुलीचे २०० कापले जातात. नाहीतर पगारवाढ होऊन ती २५,५०० वर गेली तरी सूट तशीच चालू राहते, आणि तो कर पुढे मालकाच्या खिशातून जातो. माणसांचा पीटीआरसी आणि मालकाचा स्वतःचा पीटीईसी या दोन वेगळ्या नोंदण्या आहेत. पीटीईसीचे वर्षाचे २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे.

ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला: मालकाचे ३.२५ टक्के, कर्मचाऱ्याचे ०.७५. पगार मध्येच २१,००० च्या वर गेला तरी चालू सहामाही (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपेपर्यंत कपात थांबवायची नाही. ती थांबवली आणि त्याच काळात घरात आजारपण आलं, तर त्या माणसाचा हक्काचा उपचार अडकतो. या एका गोष्टीत घाई करू नका.

दहा झाले की समिती

अंतर्गत समितीच्या अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान दोन कर्मचारी सदस्य, एक बाहेरची जाणकार व्यक्ती, आणि एकूण निम्म्या तरी महिला. आदेश लेखी काढा आणि नावं दर्शनी भागात लावा. मालकाची पत्नी कागदोपत्री अध्यक्ष असेल, तर मालकाविरुद्धची तक्रार तिच्यासमोर कोण करणार? समिती नसली तर दंड ५०,००० पर्यंत. दहाच्या आत असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, ही माहिती कामावरच्या बायकांना देऊन ठेवा.

पगाराची रचना आणि शेवटचा हिशोब

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार केंद्रीय कामगार संहिता लागू झाल्या. छोट्या मालकाला त्यातलं पहिलं टोचतं ते वेतनाची व्याख्या. घरभाडं, प्रवासभत्ता वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. समजा एकूण २४,०००: मूळ ९,०००, घरभाडं ९,०००, प्रवास ६,०००. भत्ते १५,००० झाले, निम्मे १२,०००. वरचे ३,००० वेतनात येऊन वेतन १२,००० होतं. पाच वर्षांची ग्रॅच्युइटी पंधरा-सव्विसाव्याच्या सूत्राने (वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं) २५,९६२ ऐवजी ३४,६१५ येते. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला तर ती एक वर्ष भरलं की लागू होते.

नेमणूकपत्र आता प्रत्येकाला द्यायचं, हेल्परलाही. माणूस सोडून गेला किंवा काढला, तर त्याचं राहिलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकतं करायचं. ‘पुढच्या पगाराबरोबर देऊ’ ही जुनी सवय इथे चालत नाही. त्यासाठी रजेचा साठा, उचल आणि ओव्हरटाइमचं रजिस्टर दर महिन्याच्या शेवटी मिटवून ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी राजीनामा देऊन गेलेल्या माणसाचा हिशोब सोमवारपर्यंत त्याच्या खात्यात जमा व्हायचा असेल, तर शनिवारी सकाळी आकडे तयार असायला हवेत.