फ्रान्सच्या खेड्यांतला निवांत रस्ता कसा शोधावा

फ्रान्समध्ये सायकल चालवायला यायचं ठरलं की बहुतेक जण आधी नावं शोधतात. ल्वार नदीचा काठ, प्रोव्हांसचं लॅव्हेंडर, आल्प्समधले घाट. मला विचाराल तर नावं राहू द्या, आधी नकाशा उघडा. या देशात दहा लाख किलोमीटरहून जास्त रस्ते आहेत आणि त्यातले बहुसंख्य म्हणजे दोन खेड्यांना जोडणारे, अरुंद, पण पक्के डांबरी. कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत ते सापडणार नाहीत. मी नैऋत्य फ्रान्समधल्या तुलूझ शहरात राहते. शनिवारी सकाळी सायकल घेऊन लोकल गाडीत बसते आणि पश्चिमेला जेर्स जिल्ह्यात उतरते. खाली लिहिलंय ते बरंचसं तिथल्या रपेटींतून आलंय, पण पद्धत फ्रान्समध्ये कुठेही लागू पडते.

पहिली गोष्ट, रस्त्याचं अक्षर बघायला शिका. 'ए' म्हणजे द्रुतगती महामार्ग, तिथे सायकलला बंदीच आहे. 'एन' म्हणजे राष्ट्रीय रस्ता, ट्रकांचा, तो सोडून द्या. 'डी' म्हणजे देपार्तमांचा, आपल्या भाषेत जिल्ह्याचा रस्ता, आणि 'सी' म्हणजे गावचा. 'डी' लिहिलेल्या कडेच्या दगडांना पिवळी टोपी असते, राष्ट्रीय रस्त्याच्या दगडांना लाल. फाट्यावर गोंधळ झाला तर त्या दगडाकडे बघा, नंबर आणि अंतर दोन्ही कळतं.

पण सगळे 'डी' रस्ते शांत नसतात, आणि नवख्यांची गाडी नेमकी इथेच अडते. २००६च्या सुमारास सरकारने कितीतरी राष्ट्रीय रस्ते देपार्तमांच्या ताब्यात दिले. पाटी बदलली, ट्रक तेच राहिले. लॉत देपार्तमांमधला डी ८२० हा जुना एन २० आहे. कोरेझमधला डी १०८९ हा जुना एन ८९. जुना नंबर शेवटच्या आकड्यांत लपलेला असतो. म्हणून आठशे-नऊशेच्या घरातला किंवा हजारापुढचा 'डी' दिसला, आणि नकाशावर तो लाल किंवा जाड असेल, की तो जुना हमरस्ता असल्याचं धरून चाला. एक-दोन आकडी 'डी' बहुधा देपार्तमांतल्या मोठ्या गावांना जोडतात, तेही मध्यम रहदारीचे. मला आवडतात ते तीन आकडी, नकाशावर पांढरे, वेडेवाकडे. देपार्तमांची हद्द ओलांडली की त्याच रस्त्याचा नंबर बदलतो, तेव्हा नंबर पाठ करण्यापेक्षा पुढच्या गावांची नावं कागदावर लिहून हँडलबारला लावा.

कागदी नकाशा आजही घ्यावा असं माझं ठाम मत आहे. मिशलॅं (मिशेलिन) कंपनीचे देपार्तमांवार नकाशे एका सेंटिमीटरला दीड किलोमीटर दाखवतात. लाल रस्ते टाळायचे, पिवळे फक्त जोडणीपुरते, पांढरे आपले. रस्त्याला हिरवी कड असेल तर देखावा चांगला, पण त्यामुळेच उन्हाळ्यात मोटारीही येतात. रस्त्यावर काढलेले छोटे बाण चढाच्या दिशेने असतात: एक बाण पाच ते नऊ टक्के, दोन बाण नऊ ते तेरा, तीन म्हणजे त्याहून तीव्र. फोनवर आयजीएन या सरकारी नकाशा संस्थेचे बारीक नकाशे फुकट बघता येतात, त्यांत एकेक वाडी आणि पाणवठा दिसतो.

आणखी एक साधन फार कमी लोक वापरतात. कितीतरी देपार्तमां आपल्या रस्त्यांवरच्या वाहनमोजणीचे नकाशे प्रसिद्ध करतात. प्रत्येक रस्त्यापुढे दिवसाला सरासरी किती वाहनं जातात तो आकडा असतो. माझा ठोकताळा असा: ५००च्या आत असेल तर बिनधास्त जा. दोन्ही दिशा मिळून दिवसाच्या उजेडात तासाला चाळीसेक गाड्या, म्हणजे तुमच्या बाजूने येणारी गाडी तीन मिनिटांत एक. हजारापर्यंत चालवून घ्यावं. दोन हजारांच्या पुढे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, दुसरी वाट काढावी. ज्या रस्त्याची मोजणीच झालेली नाही, तो सर्वांत उत्तम.

आता जेर्स बघा, म्हणजे नकाशा आणि जमीन कशी जुळवायची ते कळेल. सव्वासहा हजार चौरस किलोमीटरच्या या मुलखात दोन लाखांहून कमी माणसं राहतात, चौरस किलोमीटरला तीसेक. (२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा ३६५ होता.) दक्षिणेला लानमझांचं पठार आहे आणि तिथून साव्ह, जिमोन, आरात्स, जेर्स, बाइझ या नद्या उघडलेल्या पंख्याच्या काड्यांसारख्या उत्तरेकडे पसरत जातात. दोन नद्यांच्या मध्ये एक लांबट टेकडी. तुलूझ ते ऑश (जेर्सचं मुख्य ठिकाण) ही पूर्व-पश्चिम वाहतूक सगळी एन १२४ने स्वतःवर घेतलीय. म्हणजे तुम्ही उत्तर-दक्षिण जात राहिलात तर रस्ता जवळपास तुमचाच. खोऱ्यातून गेलात तर सपाट पण थोडी वर्दळ. टेकडीच्या माथ्यावरून गेलात तर एकदा चढ चढायचा आणि मग तासभर वरूनच जायचं, सूर्यफुलांच्या आणि गव्हाच्या शेतांमधून, आणि हवा स्वच्छ असेल तर समोर पिरेनीजची सबंध रांग. पूर्व-पश्चिम जायचं म्हटलं की मात्र प्रत्येक टेकडी आडवी येते. असा दिवस पाय दमवतो, तेव्हा आडवं जाणं दिवसात दोन-तीनदाच ठेवा.

पहिल्या खेपेला हा फेरा करा. तुलूझहून ऑशच्या गाडीने जिमोंला उतरा. जिमोन नदीच्या बाजूबाजूने सारामोंवरून सिमोरला जा. तिथे विटांचं तटबंदीवजा चर्च आहे, एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युक या वास्तुरचनाकाराने डागडुजी केलेलं. चर्चसमोर बसून खा. मग पूर्वेला टेकडी ओलांडून लोंबेझ, तिथून सामातां आणि साव्हच्या खोऱ्यातला मोठा रस्ता टाळून टेकडीवरच्या पांढऱ्या रस्त्यांनी लील-जुर्दां स्टेशन. सत्तरएक किलोमीटर होतात. मे, जून किंवा सप्टेंबर निवडा. ऑगस्टमध्ये दुपारचं ऊन इथे आपल्याकडच्या एप्रिलची आठवण करून देतं.

वेळ हा रस्त्याइतकाच महत्त्वाचा. फ्रान्सचा ग्रामीण भाग दुपारी बारा ते दोन जेवतो, आणि जेवतो म्हणजे खरंच बसून जेवतो. ट्रॅक्टर बांधावर उभा, व्हॅन अंगणात, टपालवाली घरी. साडेबाराला मी सिमोरहून निघते आणि लोंबेझपर्यंत कधीकधी एकही वाहन भेटत नाही. चेन फिरल्याचा आवाज ऐकू येतो, चंडोल ऐकू येतो, दूर कुठेतरी जेवणाच्या टेबलावर ताटल्या ठेवल्याचा आवाज उघड्या खिडकीतून येतो. निवांतपणा हवा असेल तर जग जेवत असताना चालवा आणि तुम्ही त्याआधी किंवा नंतर खा. पण मग खरेदी बाराच्या आत उरका, कारण दुकानंही त्याच वेळात बंद असतात. रविवारी दुपारनंतर सगळंच बंद, सोमवारी कितीतरी बेकऱ्यांची सुट्टी, आणि लहान गावांत आता बेकरीच उरलेली नाही. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की बरोबर नेते. शाकाहारी असाल तर हे करावंच, कारण इथल्या बेकरीतल्या खाऱ्या पदार्थांत हॅमचे तुकडे निघतात. विचारूनच घ्या.

पाण्याची सोय दफनभूमीत. जवळजवळ प्रत्येक गावाच्या कडेला भिंतीने वेढलेली दफनभूमी असते आणि फुलझाडांना घालायला तिथे नळ असतो. लोखंडी फाटक हळू उघडा, सायकल बाहेर ठेवा, बाटली भरून फाटक लावून घ्या. नळावर 'ओ नों पोताब्ल' लिहिलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही, डोक्यावर ओतायला वापरा. चुनखडीच्या पठारांवर, म्हणजे लॉतच्या कॉसमध्ये, पाणी जमिनीत मुरून जातं आणि गावंही लांब लांब असतात, तिथे तिसरी बाटली लागते.

आपल्याकडून येणाऱ्यांसाठी एक धोका मुद्दाम सांगते. इथे रहदारी उजवीकडून चालते. शहरात चूक होत नाही, कारण बाकीच्या गाड्या बघून आपण आपोआप बरोबर बाजूला जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, फोटो काढायला थांबून पुन्हा निघताना. थांबायचं तर नेहमी उजव्या कडेलाच थांबा. भाड्याची सायकल असेल तर कुठला ब्रेक पुढचा आहे ते पहिल्या शंभर मीटरमध्येच तपासा. दुसरा नियम उजव्या हाताच्या अग्रक्रमाचा: फाट्यावर कुठलीही पाटी किंवा रेघ नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून येणारा का असेना. गावातून उतारावर सुसाट जाताना याचं भान ठेवा. पिवळा चौकोन कोनावर उभा केलेली पाटी दिसली तर अग्रक्रम तुमचा.

मोटारवाल्यांनी गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर आणि वस्तीत एक मीटर अंतर सोडायचं असतं, आणि खेड्यात लोक ते पाळतात. कधीकधी वळण संपेपर्यंत मागे शांतपणे थांबतात. अशा वेळी हात वर करून आभार मानते, पुढच्याला त्याचा उपयोग होतो. घंटा सक्तीची आहे, कानात इअरफोन चालत नाहीत, अंधार पडल्यावर किंवा धुक्यात वस्तीबाहेर चमकणारं जाकीट घालावंच लागतं. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे, पण तुम्हीही घाला.

शहरातून बाहेर पडताना 'तूत दिरेक्सियों', म्हणजे सर्व दिशा, या पाटीमागे जाऊ नका, ती मोटारींसाठी असते आणि तुम्हाला बाह्यवळण रस्त्यावर नेऊन सोडते. आधी गावच्या मध्यात जा, तिथून जुना रस्ता सापडतो. 'रूत बारे', म्हणजे रस्ता बंद, ही पाटी दिसली की मला आनंद होतो. खड्डा खणलेला असेल तर सायकल हातात धरून बाजूने जाता येतं आणि बाकी सगळा रस्ता रिकामा मिळतो. फक्त पूल तुटला नाही ना, ते नकाशावर बघून घ्या. उन्हाळ्यात 'ग्राव्हियों'ची पाटी मात्र गंभीरपणे घ्या. डांबरावर ताजी बारीक खडी टाकलेली असते, वळणावर पुढचा ब्रेक दाबला की सायकल घसरते. म्हणूनच मी २३ मिलिमीटरचे टायर कधीच सोडले. ३२चे टायर थोडी कमी हवा भरून लावले तर हे रस्ते सुखाचे होतात.

मोटारींना बंदीच असलेले मार्गही आहेत, व्वा व्हेर्त म्हणतात त्यांना. जिव्री ते क्ल्युनी हा जुन्या रेल्वेमार्गावरचा १९९७मध्ये सुरू झाला, बर्गंडीत. तुलूझहून गारोनच्या बाजूच्या कालव्याकाठी बोर्दोच्या दिशेने डांबरी मार्ग आहे, लहान मुलं बरोबर असतील तर याहून चांगलं काही नाही. मला मात्र सपाट, सरळ वाटेचा दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो. आणि कालव्याकाठी असला म्हणजे मार्ग डांबरी असेलच असं नाही. मिदी कालव्याची वाट बऱ्याच ठिकाणी मातीची आणि झाडांच्या मुळांनी उचकटलेली आहे, रोड बाइकवर हाडं खिळखिळी होतात.

सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम असतो, रविवारी जास्तच. 'शास आं कूर', म्हणजे शिकार चालू आहे, ही पाटी दिसली तर नारिंगी कपडे घाला, जंगलातला कच्चा रस्ता टाळा, डांबरावरच राहा.

वाऱ्याचंही बघा. तुलूझ भागात 'ओतां' नावाचा वारा आग्नेयेकडून दिवसेंदिवस सुटतो. तो असेल त्या दिवशी मी फेरा करत नाही. तुलूझपासूनच चालवायला सुरुवात करते, वारा पाठीवर घेऊन वायव्येला जाते आणि गाडीने परत येते. लोकल गाड्यांत सायकल बहुतेक प्रांतांत मोफत जाते, पण जागा मोजक्याच असतात आणि काही प्रांतांत उन्हाळ्यात आधी आरक्षण लागतं. रविवारी संध्याकाळच्या परतीच्या गाड्या घरून शहरात निघालेल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या बॅगांनी भरलेल्या असतात, सायकल चढवायला जागा मिळेलच असं नाही. परतीचा दिवस शनिवार ठेवा, किंवा आठवड्यातला कुठलाही मधला दिवस.