मद्रिखाची नोकरी: अडतीस भरले, पण एक आपला नव्हता

ठाण्याहून अलिया करून, म्हणजे इस्राएलला कायमचं राहायला, आलेलं कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात मला फोन करतं. "ताई, ती अमेरिकन ज्यू मुलांची शाळा असते ना, तिथे मद्रिख म्हणून घेतील का मला?" मद्रिख म्हणजे वसतिगृहात आणि सहलीत मुलांसोबत राहून त्यांना सांभाळणारा. घेतील. इंग्रजी येतं, हिब्रू कामापुरती येते, रात्री जागायची तयारी आहे, एवढ्यावर मलाही घेतलं होतं. मुलगे असाल तर अल्पवयीनांसोबत काम करायला पोलिसांचा दाखला लागतो. तो आधीच काढून ठेवा.

शाळा कशी चालते ते तुम्हाला ठाऊक असेलच. होद हाशारोन शहरातली अलेक्झांडर मुस १९७२ पासूनची, ती सगळ्यांना माहीत. मी होते ती दुसरी. नमुना साधारण तोच: एक दिवस वर्गात इतिहास, दुसऱ्या दिवशी तो जिथे घडला तिथे तियुल, म्हणजे सहल, आणि उरलेल्या वेळात मुलांच्या अमेरिकेतल्या शाळेचं गणित-केमिस्ट्री. माहितीपत्रकात फोटो असतात ते इतिहासाच्या शिक्षकांचे. वसतिगृह सांभाळणारी एम बायित, ट्यूटर, सहलीत प्रथमोपचार करणारा खोबेश, बंदूक घेऊन मागून चालणारा राखणदार, बसचालक यांचे नसतात. आणि मद्रिख तर शिक्षकही नाही, पालकही नाही. पोरगं रात्री अडीचला ओकलं की बादली धरणारा तो मद्रिख.

आता माझी चूक. थोडं सविस्तर सांगते, कारण कुठल्याही प्रशिक्षणात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मृत समुद्राजवळच्या मसादा या डोंगरी किल्ल्याचा तियुल होता, दोन वर्ग, दोन बस. पहाटे पश्चिमेला अराद गावाच्या बाजूने वर गेलो, म्हणजे रोमनांनी वेढा घातला तेव्हा रचलेल्या उतारावरून. सूर्योदय झाला, वरच्या जुन्या सिनेगॉगच्या दगडांवर मुलांना बसवून सरांनी वेढ्याची गोष्ट सांगितली, आणि आम्ही पूर्वेला स्नेक पाथ या पायवाटेने मृत समुद्राकडे उतरलो. मसादाच्या दोन बाजूंना थेट जोडणारा रस्ताच नाही, त्यामुळे बस मोठा वळसा घालून खाली येऊन थांबल्या होत्या. मी दारापासून शेवटच्या सीटपर्यंत डोकी मोजली. अडतीस. मागून पुढे परत मोजली. अडतीस. चालकाला म्हटलं, यल्ला, चला.

एन गेदीला, पुढच्या थांब्याला, पोचलो आणि एक मुलगी उतरल्या उतरल्या दुसऱ्या बसकडे पळाली. "कुठे चाललीस?" "माझ्या वर्गात. मी मैत्रिणीजवळ बसले होते."

माझे पाय गार पडले.

नीट लक्षात घ्या. मी मोजायचं विसरले नव्हते, दोनदा मोजलं होतं. आकडा बरोबर होता आणि म्हणूनच घात झाला. सदतीस आले असते तर मी बस हलू दिली नसती. पाहुणी आली, आपला एक राहिला, बेरीज जमली. तिने तिच्या मद्रिखाला सांगितलं होतं की मी त्या बसमध्ये बसते. त्याने हो म्हटलं. मला कळवलं नाही. त्याच्या हिशेबात एक कमी का, हे त्याला ठाऊक होतं; माझ्या हिशेबात एक जास्त आहे, हे मला दिसायला वावच नव्हता. डोकी मोजून ही चूक कधीच सापडत नाही, दहा वेळा मोजलीत तरी.

हाच तो मद्रिख, ज्याला मी पहिले तीन आठवडे गुरू मानून फिरले. मुलांचा लाडका, गिटार वाजवणारा, प्रत्येक गोष्टीला "यिहये बेसेदेर", म्हणजे होईल सगळं ठीक. नव्या मद्रिखाला असा माणूस फार आवडतो. जरा लांब राहा. मला काम शिकवलं ते एम बायितने, जिला औषधांच्या वेळा पाठ होत्या, आणि आमच्या चालकाने. बस परत वळवताना तो एवढंच म्हणाला, "आकडा काय करायचाय? नावं घे ना."

पोरगा मसादाच्या तिकीटखिडकीजवळ बसला होता. पोट बिघडून स्वच्छतागृहात अडकला होता. खिडकीतल्या बाईंनी त्याला पाणी आणि बिस्किटं दिली होती. मला पाहून म्हणाला, "माझी टोपी वर राहिली." रडणार होते ती मीच.

पण त्याच बाईंच्या फोनवरून त्याने घरी आईला फोन लावला होता. इथे सकाळचे नऊ, न्यू जर्सीत रात्रीचे दोन. मी कळवण्याआधी तिला कळलं होतं, आणि कार्यालयातली माझी सुनावणी मूल मागे राहिलं यावरून कमी आणि यावरून जास्त झाली. तेव्हा काहीही बिनसलं की आधी रकेझेतला, म्हणजे समन्वयक बाईंना, फोन करा. मूल सुखरूप सापडलं की मग कळवू, असं म्हणत थांबू नका.

नोकरी गेली नाही. तुमचीही सहसा जाणार नाही. पुढची दोन वर्षं मी तिथेच होते.

मुलं विचारतील, "तू इंडियन, मग ज्यू कशी?" चिडू नका. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आजी-आजोबांना हाच प्रश्न इथल्या रब्बीनेटने, म्हणजे धर्मगुरूंच्या संस्थेने, लग्नाच्या वेळी विचारला होता आणि आपण पूर्ण ज्यू आहोत असा ठराव १९६४ मध्ये क्नेसेतला, म्हणजे इथल्या संसदेला, करावा लागला, म्हणून तो आपल्याला झोंबतो. सोळा वर्षांचं पोरगं निव्वळ कुतूहलाने विचारतं. मी त्यांना शनिवार तेल्यांची गोष्ट सांगायचे, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या कोकणातल्या माणसांची. एकदा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आपला पोह्यांचा मलिदाही केला. पोहे मिळेनात म्हणून ओट्स घेतले. तो पुन्हा करणार नाही.

अलिबागला आजोबा मिन्यान, म्हणजे प्रार्थनेला लागणारी दहा माणसं, भरला का ते पाहताना माणसांवर आकडे टाकत नसत. "होशिया एत अमेखा" हा दहा शब्दांचा पासूक, म्हणजे धर्मग्रंथातलं वचन, म्हणत, एकेका माणसाला एक शब्द. लहानपणी मला ती अंधश्रद्धा वाटायची. खरं तर त्या पासूकानेही मसादाला माझे अडतीसच भरले असते.

तियुलला आता यादी आणि पेन्सिल. प्रत्येकाने नाव ऐकून स्वतः "इथे" म्हणायचं, मैत्रिणीने म्हटलेलं चालत नाही. अडचण शब्बाथची, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाची. शुक्रवारी रात्री जेरुसलेममध्ये सगळ्यांना कोतेलला, म्हणजे पश्चिम भिंतीपाशी, चालत न्यायचं असतं, गर्दी मरणाची, आणि शब्बाथला लिहायचं तर नाही. त्यासाठी शुक्रवारी दुपारीच प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी करून ठेवते. मूल समोर दिसलं, चेहरा पाहिला, की त्याची चिठ्ठी डाव्या खिशातून उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा होईपर्यंत कुणी हलायचं नाही. दोन मोठे खिसे असलेला स्कर्ट शोधायला मला बेरशेवाच्या बाजारात अर्धा दिवस लागला.